माणातल्या आक्कांना रामराम

आक्का,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माण तालुक्यातून खाली आलेला तुमचा मेंढपाळांचा वाडा कोरेगावच्या पुढं, आमच्या शेजारच्या रानात चार रात्री खतासाठी मेंढरं बसवायला थांबला होता, एवढीच खूण माझ्याकडे आहे. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, उठलेली आणि रानात नुसत्या लेंड्या. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या घरातलं कुणीतरी मोबाईलवर वाचून तुम्हाला ऐकवील.

मार्गशीर्षातली ती थंडीची रात्र आठवत असेल. नोकरी सांभाळून हौसेनं पाळलेली माझी काळी उस्मानाबादी शेळी पहिल्यांदाच वेत होती. कॅलेंडरवर 150 दिवस मोजून ठेवले होते, तेही भरत आलेले. पाणमोट फुटून दीड तास झाला तरी एक खूर आणि नाकाचा शेंडा, त्यापुढं काही नाही. डॉक्टरांचा फोन लागेना. मी ओढायला हात घातला आणि बांधावरून तुम्ही ओरडलात, "वडू नगंस! पाय मुडपलाय त्याचा."

तुम्ही बांगड्या काढल्या, गरम पाण्यानं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वाटीभर गोडेतेल मागितलं. कळ ओसरली की करडाचं डोकं हळूच आत सारत होतात, कळ आली की हात जागच्या जागी थांबत होता. मागं राहिलेलं खूर तुम्ही तळहातात झाकून पुढं आणलंत, गर्भाच्या पिशवीला टोचू नये म्हणून. मग शेळीनं जोर केला तेव्हाच, तिच्या जोरासोबत, खाली कासेच्या बाजूला ओढलंत. घाईनं ओढून मी त्या रात्री दोन्ही जीव घालवले असते. हे मी आजही विसरत नाही.

करडू निपचित पडलं. तुम्ही त्याचं तोंड-नाक पुसलंत, गोणपाटानं अंग खसाखसा चोळलंत आणि कडब्याची काडी नाकपुडीत फिरवलीत. ते शिंकलं! तुम्ही मात्र हसायलाही थांबला नाहीत. दोन्ही सडांच्या पहिल्या धारा जमिनीवर काढल्या, करडाला कासेला लावलं आणि म्हणालात, "अर्ध्या घंट्यात चीक प्वाटात गेला पायजे."

पैसे घेतले नाहीत. चहा तेवढा घेतलात.

पुढच्या तीन संध्याकाळी तुम्ही गोठ्यात डोकावत होतात. करडाच्या कानाला, पायाला रोज हात लावत जा, म्हणजे मोठेपणी खूर कापताना बुजणार नाही, हे तेव्हाच सांगितलंत. मी एक दिवस चुकवला नाही. त्या पाटीचं, म्हणजे मादी करडाचं, नाव चिमणी. वर्षाची झाल्यावर पौषात यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात तिला आदत, म्हणजे दुधाच्या दातांच्या, गटात उतरवलं. लोक हौसेनं आदल्या दिवशी दाणा वाढवतात आणि मग पोटफुगीनं जनावर हैराण होतं. तुमचं ऐकून मी नेहमीचा सुबाभळीचा पाला आणि कडबाच ठेवला. पंचांनी ओठ उचलून दुधाचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, चारी पाय एकेक करून उचलले. हलगी वाजत होती, शेजारचा बोकड दावं तोडायला बघत होता, आणि चिमणी शांत उभी. दुसरा नंबर आला. एवढी कशी निवली, असं पंचांनी विचारलं तेव्हा तुमच्याबद्दल सांगितलं, पण नाव सांगता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

त्या हिवाळ्यात तुमची वाट पाहिली. वाडा दुसऱ्या वाटेनं गेला असावा. आता पाऊस सरत आलाय, तुमचीही निघायची तयारी चालली असेल. यंदा मेंढरं आमच्याच रानात बसवा. सोयाबीन निघालं की ते मोकळं आहे, विहिरीला पाणीही भरपूर आहे. चिमणी गाभण आहे. तिचे दिवस मार्गशीर्षातच भरतात.

तुमचा,
बांधापलीकडचा काळ्या शेळीवाला