ऐकतात ती मुलं माझं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तू ना गोरी ना काळी, तिकडची मुलं तुझं ऐकतात का?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे अमेरिकेत माझ्या वर्गातली मुलं माझं ऐकतात. एकमेकांचं ऐकत नव्हती, खरी अडचण ती होती. कृष्णवर्णीय मुलं खिडकीपाशी, गोरी पुढे, घरी स्पॅनिश बोलणारी दाराजवळ. कुणी बसवलेली नाहीत, आपली आपण बसतात. कातडीच्या रंगावरून वेगळ्या शाळा ठेवणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच घटनाबाह्य ठरवलं. पण एका खोलीत आणल्याने मुलं एक होत नाहीत.

१९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हेच झालं. मुलं एका शाळेत आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन वर्गात जाऊन बसले. त्यांना दिसलं ते असं: बाईंनी प्रश्न विचारला की हात वर, संधी एकालाच, बाकीचे चडफडतात. दुसरा चुकला की आपलं फावतं. मग त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. उरलेला धडा सोबत्यांकडूनच शिकायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. तुकडे जोडून चित्र पुरं करायच्या कोड्यावरून या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

मी ती 'ग्रेट मायग्रेशन'च्या धड्याला लावली. साधारण १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे गेली, तो इतिहास. कुणाच्या तुकड्यात कापसावरची कीड आली, कुणाच्या वर्णभेदाचे कायदे, कुणाच्या उत्तरेतले कारखाने. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचा तुकडा गेला ग्वाटेमालाहून आलेल्या एका मुलाकडे. वर्गात कधी तोंड न उघडणारा. ओळीखाली बोट धरून अडखळत वाचू लागला, तशी शेजारची कृष्णवर्णीय मुलगी वैतागली, "लवकर सांग ना!" तो गप्पच झाला. मी जवळ जाऊन तिला एवढंच म्हटलं, "परीक्षेत यावर प्रश्न आहे, आणि उत्तर त्याच्याकडेच आहे."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. विचारलं, "पण दक्षिणेत हा पेपर पोचायचा कसा?" त्याने सांगितलं, रेल्वेतले कृष्णवर्णीय पोर्टर गठ्ठे घेऊन जायचे. तो वाचून लोकांना कळायचं, की उत्तरेत काम मिळतं. मग आपणहून म्हणाला, "आमचाही काका आधी आला, त्याने कळवलं, मग आम्ही निघालो." ती म्हणाली, तिची पणजी मिसिसिपीतून अशीच बहिणीमागून आली होती. पुढे दोघं बोलतच राहिली. मी तिथून निघून गेलेलंही त्यांना कळलं नसेल.

आई, बंधुभावावर मी व्याख्यान देत नाही. मुलं ते लगेच ओळखतात आणि कान मिटून घेतात. एकमेकांवाचून अडेल असं काम द्यावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. एका धड्याने काही होत नाही. मधल्या सुट्टीत अजूनही टेबलं वेगळीच आहेत.

सगळ्यांनाच हे रुचतं असं नाही. आपल्या हुशार मुलाचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात जातो, अशी एका घरून तक्रार आली आहे. शुक्रवारी त्यांना भेटायला बोलावलंय. सगळं शांतपणे ऐकून घेईन, मुलाच्या परीक्षेचे पेपरही पुढे ठेवीन. पण गट मोडणार नाही.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची लेक