भिंग माझ्याकडे वळवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

वयानं तू माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. पण दुकानात पहिल्या दिवशी तोंडातून 'ताई' निघालं ते निघालं, आता बदलत नाही. नाव लिहायचं नाही अशी तंबी तूच दिलीस. "काका, नाव टाकलंत तर उद्या अख्खं सिडको मिक्सर घेऊन दारात उभं राहील," म्हणालीस. म्हणून नाव नाही, गल्ली नाही, मोबाइल नंबर तर नाहीच. ओळखणारे ओळखतील.

माझा जुना कॉम्प्युटर तू उठवलास, त्याचे आभार तोंडी मानून झाले होते. पण तेव्हा तुझं डोकं कुणाच्या तरी टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये होतं आणि "हो हो काका" म्हणून तू मोकळी झालीस. माझं तेवढ्यावर भागलं नाही. अजूनही कुणी दुरुस्तीचा विषय काढला की माझा आवाज चढतो, मग एकदम बसतो. बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, आम्हाला किती वेळा ऐकवाल?

वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल, एका जुनाट कॉम्प्युटरसाठी एवढं काय? तर मी डीटीपीवाला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दशक्रियेची पत्रं, सगळं केलंय. नवी कामं नव्या मशीनवर होतात, युनिकोडमध्ये. पण 2003 सालच्या त्या पेंटियम फोरवर माझी सगळी जुनी पुंजी आहे, आणि ती जुन्या फॉन्टात आहे. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागतं, आणि तसलं पोर्ट आता नव्या मशीनला सहसा देत नाहीत. सीडीवर कॉप्या होत्या हो, पण उघडायच्या कशात? दुसरीकडे उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडलेली दिसतात. कन्व्हर्टर आहेत, मी वापरतोही. पण रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात, आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा प्रुफं.

त्यात एक कुलवृत्तांत अडकला होता. एका निवृत्त मास्तरांनी उभ्या उत्तरायुष्यात जमवलेला. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहिलेल्या असतात. कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, मूळ गाव कुठलं. मास्तरांनी घाटावर बसून त्या वह्यांतून माणसं शोधली, गावोगाव पत्रं टाकली, शाखा जुळवल्या. असल्या पुस्तकात रफार हलला तर माणूसच बदलतो. मास्तर ऐंशीच्या पुढचे, कुलसंमेलनाची तारीख ठरलेली, शेवटच्या दुरुस्त्या राहिलेल्या, आणि मशीन सुरू होईना.

सुरू होईना म्हणजे कसं, तर थंडीत जास्त. निफाडचा पारा घसरल्याची बातमी ज्या सकाळी पेपरात असे, त्या सकाळी ते हमखास रुसलेलं. पंखा फिरे, स्क्रीन काळा. बटण दाबत राहायचं, मग केव्हातरी उठे आणि दुपारभर बरं चाले. शेवटी मी झाकण काढून शेजारी साठचा बल्ब लावून ठेवायला लागलो. बायको म्हणे, कोंबडीची पिल्लं काढताय का?

तुझ्याआधी जिथं जिथं नेलं त्यांची नावं घेत नाही. एकानं झाकणसुद्धा न काढता 'बोर्ड गेला' असं जाहीर केलं आणि मशीन म्युझियमला द्यायचा सल्ला दिला. एक म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. अरे, स्क्रीनवर एक अक्षर येत नाही, त्यात फॉरमॅटचा काय संबंध, असं विचारलं तर उत्तर आलं, "काका, तुम्हाला नाही कळणार." आणखी एकानं एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला, पैसे घेतले, आणि थंडीची पुढची लाट आली तसं मशीन पुन्हा जिथल्या तिथं. जुना एसएमपीएस परत मागितला तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेला. पैसे गेले त्याचं मी गिळलं. पण ते 'तुम्हाला नाही कळणार' अजून खुपतंय. ज्यानं आयुष्यभर इतरांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, पानाच्या कोपऱ्यातली सुटलेली अनुस्वाराची टिंबं शोधली, त्याला बोटभर लांबीचा बिघाड दाखवला तर दिसणार नाही, हे यांनी परस्पर ठरवूनच टाकलं.

तुझ्याकडे आलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होतो. तू झाकण काढलंस, दिवा ओढलास, भिंगातून पाहिलंस. मी वाट पाहत होतो, आता ही म्हणणार बोर्ड गेला. तू काहीच बोलली नाहीस. भिंगाची दांडी काउंटरवरून फिरवून माझ्या बाजूला आणलीस आणि म्हणालीस, "बघा काका."

मी पाहिलं. प्रोसेसरच्या शेजारी ओळीनं उभ्या छोट्या नळकांड्या. प्रत्येकीच्या टोपीवर फुलीची खाच. काहींच्या टोप्या सपाट, काहींच्या टम्म वर आलेल्या, आणि एकीच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आलेली. तू फक्त एवढंच सांगितलंस की या सगळ्या सपाट असायला हव्यात. मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, बोर्ड तिरका करून पाहिलं. मागं एक गृहस्थ इंडक्शन शेगडी घेऊन ताटकळले होते, ते खाकरले. तू त्यांना म्हणालीस, "थांबा जरा, काका बघतायत."

ताई, दुरुस्ती तू छानच केलीस. पण हे पत्र त्या दुरुस्तीसाठी नाही, 'काका बघतायत' या दोन शब्दांसाठी आहे. एका म्हाताऱ्यानं आपल्याच मशीनचा बिघाड आपल्या डोळ्यांनी बघणं, हे तुझ्या लेखी गिऱ्हाईक थांबवून ठेवण्याएवढं महत्त्वाचं काम होतं. त्यानंतर तू बोर्ड खरंच गेलाय म्हणाली असतीस, तरी मी मुकाट्यानं घरी गेलो असतो.

मग मी विचारत गेलो आणि तू काम करता करता सांगत गेलीस. एसएमपीएसकडून आलेले 12 व्होल्ट उतरवून प्रोसेसरला दीडेक व्होल्ट द्यायचे असतात, आणि ते स्थिर राखण्याचं काम या कॅपॅसिटरांचं, म्हणजे त्या नळकांड्यांचं. आतलं रसायन बिघडलं की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज थरथरतं आणि प्रोसेसर उठतच नाही. थंडीत तो रोध आणखी वाढतो. म्हणजे निफाडचा पारा आणि माझा बल्ब, दोन्हींत तथ्य होतं! घरी पोचल्यावर चहाच्या आधी ही बातमी बायकोला दिली. कोंबडीचा विषय तेव्हापासून बंद आहे.

त्या काळातले कॅपॅसिटर एवढे का फुगले, हेही तूच सांगितलंस. साधारण 2000 नंतरची काही वर्षं तैवानमध्ये बनलेल्या कितीतरी कॅपॅसिटरमधलं रसायन कच्चं होतं. त्यात पाणी असतं, आणि त्या पाण्यानं आतलं ॲल्युमिनियम खाऊ नये म्हणून जे मिसळावं लागतं तेच अपुरं पडलं. मग आत हायड्रोजन धरतो, दाब वाढतो, टोपी फुगते. फुलीची खाच त्यासाठीच असते, फुटायचंच झालं तर तिथून फाटावं म्हणून. जगभरात भल्याभल्या कंपन्यांचे बोर्ड त्यात गेले. जपानमधून रसायनाची कृती चोरली गेली आणि तीही अर्धवट, अशी बातमी त्या वेळी छापून आली होती. चोरीचं शेवटी नीट सिद्ध झालं नाही म्हणतात, पण मला ती गोष्ट फार आवडली. अर्धवट मजकूर उचलणारे आमच्या धंद्यातही आहेत. त्यांच्या टोप्या फुगत नाहीत एवढंच. माझं मशीन इतकी वर्षं तगलं ते वापर कमी म्हणून, हा तुझा अंदाज.

मी घाईत होतो. भंगारातल्या एखाद्या बोर्डावरचे काढून लाव, असं मीच सुचवलं. तू म्हणालीस, "ते पण म्हातारेच आहेत काका." साधे कॅपॅसिटर तुझ्या ड्रॉवरमध्ये ढिगानं होते, तेही लावले नाहीस. कमी ईएसआरचे, म्हणजे अंतर्गत रोध कमी असलेले, 105 डिग्रीपर्यंत सोसणारे आणि जपानीच हवेत, निचिकॉन नाहीतर रुबिकॉन, आणि तेही ओळखीच्या दुकानातून, कारण वरचं आवरण बदलून नकली माल विकतात. ते मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचे होते. पंचवटी एक्स्प्रेसनं अपडाऊन करणाऱ्या कुणा ओळखीच्याला तू सांगितलंस आणि त्यानं दमून परतताना ते आठवणीनं आणले. त्या न पाहिलेल्या भल्या माणसाचेही आभार. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूसाठी तो कसाऱ्याचा घाट उतरून चढला, असं मी मास्तरांना रंगवून सांगितलं. तो ऑफिसलाच चालला होता हे सांगितलं नाही.

सोल्डरिंगचं मी लिहीत नाही. पाहत होतो, पण अर्धे डोळे मिटून. ध्यानात राहिलं ते एवढंच की मागं स्टुलावर पेपर वाचत बसलेले तुझे वडील मान वर न करता म्हणाले, "पट्टी बघ." आणि तू म्हणालीस, "बघितली बाबा." पट्टीची बाजू मायनसची, उलटा बसवला तर नवा कॅपॅसिटरसुद्धा फुटतो, हे मला नंतर कळलं. त्यांनी रेडिओ आणि टीव्हीच्या जमान्यात असे किती उलटे-सुलटे पाहिले असतील! ओळीतले जे फुगले नव्हते तेही तू काढलेस. न फुगताही निकामी होतात, म्हणालीस, आणि मीटरवर लावून दाखवलंस. पुन्हा 'बघा काका'.

एक बीप झाला आणि स्क्रीन उजळला. मी तिथूनच मास्तरांना फोन लावला. वाटलं होतं, गहिवरतील. ते म्हणाले, "बरं झालं. मग आता पान 212 वरचा तो जास्तीचा काना काढा."

आणि ते बिल! शाळेच्या वहीचं पान उभं फाडून, मागच्या बाजूला कुणाच्या तरी भागाकाराची गणितं असलेलं. त्यावर प्रत्येक मापाचा कॅपॅसिटर वेगळा, त्याचा दर, खाली मजुरी, आणि मजुरी एवढी कमी की मला वाटलं शून्य राहिलं. मुंबईहून आणल्याचा खर्च शून्य लिहिलेला, कारण तो माणूस तसाही येणारच होता. आणि काढलेले जुने कॅपॅसिटर एका छोट्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलेस. न मागता. माझा जुना एसएमपीएस स्क्रॅपमध्ये घालणाऱ्या त्या दुकानवाल्यानं ही पिशवी एकदा बघून जावी. टेबलावरच ठेवली आहे, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो.

पूर्वी मेनरोडला घड्याळ दुरुस्तीला दिलं की घड्याळजी मागचं झाकण उघडून, डोळ्याचं भिंग आपल्या हातात देऊन, कुठल्या चाकात कचरा अडकलाय ते दाखवायचे. आम्ही पोरं मुद्दाम उभी राहायचो. आमचे दाताचे डॉक्टर अजूनही आरसा हातात देतात. गॅरेजवाल्यांत एक-दोन असे आहेत जे गिऱ्हाइकाला गाडीखाली वाकायला लावतात, हात काळे करायला लावतात. असे लोक कमी पैसे घेतात असं नाही. महागही असतात कधीकधी. पण त्यांच्याकडून बाहेर पडताना माणूस मूर्ख ठरलेला नसतो. आणि गावात असा एक जरी असला तरी त्याचा पत्ता लोक कसा जपून, फक्त आपल्या माणसांना देतात, हेही मी पाहिलंय. तुझा पत्ता मला असाच एका रद्दीवाल्यानं दिला. त्याच्याकडे रोज 'गेलेले' बोर्ड येतात, त्यातले किती खरे गेलेले असतात हे त्याला चांगलं माहीत असणार.

कुलवृत्तांत छापायला गेलाय. श्रेयनामावलीत मास्तरांनी तुझ्या दुकानाचा उल्लेख घालायचा हट्ट धरला होता. तुझी तंबी सांगितल्यावर त्यांनी 'मशीन दुरुस्त करणारी कन्या' एवढंच घातलं आहे. त्यावर आता तक्रार चालणार नाही, प्लेटी झाल्या.

तुझा,
रविवार कारंज्याजवळचा डीटीपीवाला काका

ता. क.: तुझ्या दुकानाची बिलबुकं करून ठेवली आहेत, दोन प्रतींची, नंबर घातलेली. फुकट दिली तर नेणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून कागदाचे पैसे लावलेत. छपाईचे लावलेले नाहीत. त्यावरून भांडायचं असेल तर दुपारी चारनंतर ये, तोवर मी झोपलेला असतो.