टाकोमध्ये कोरेगावचा घेवडा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा शहरातल्या आणि वाई-पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना एक विनंती करायची आहे, ती तुमच्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचावी म्हणून हे पत्र लिहितेय. तुमच्याकडं टाको, बरिटो (पोळीत सारण भरलेले मेक्सिकन पदार्थ), राजमा-चावल, सॅलड, जे काय बनतं त्यात आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा वापरा आणि वापरला की मेनूकार्डवर तसं स्पष्ट लिहा.

आता हे मेक्सिकन जेवणावरून कसं सुचलं ते सांगते. आमच्या घरात कुणाचा वाढदिवस असो की पोरांचा रिझल्ट, शहरातल्या एका छोट्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्येच जायचं असं ठरलेलंच असतं, पोरांना नाचोज आणि केसाडिया पाहिजे असतात, ह्यांना बरिटो, आणि मला तिथला साल्सा, कारण तो बाटलीतला नसतो, टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, सगळं ऑर्डर आल्यावर चिरतात. मालक स्वतः प्रत्येक टेबलाशी येऊन विचारपूस करतात, चार टेबलांचं हॉटेल आहे पण माणसं जीव लावून करतात. परवा आण्णा आणि आई गावाकडनं आले होते म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. आण्णा म्हणजे माझे वडील, आयुष्यभर उत्तर कोरेगावात शेती केली, वाठार स्टेशनच्या बाजूला, आणि खरिपाला घेवडा हेच त्यांचं हातात पैसा देणारं पीक.

आई आधी जरा बिचकत होती, पण मक्याची तव्यावर भाजलेली टॉर्टिया, म्हणजे तिकडची भाकरीच, समोर आली तशी तिनं हातानं तुकडा मोडला आणि त्यातली घोटलेली घेवड्याची भाजी लावून खाल्ली, परत मागितली. आण्णांनी मात्र सॅलडमधला एक अख्खा दाणा बोटात धरला, फिरवून बघितला, फिका बदामी आणि त्यावर तपकिरी ठिपके, आणि मालक आले तसं विचारलं, "ह्यो घेवडा कुठनं आणता म्हणायचा?" मालक म्हणाले, "काका, डब्यातला येतो, बाहेरच्या देशातनं. सप्लायर देतो." आण्णा म्हणाले, "अवो, कोरेगाव हितनं वीस किलोमीटर हाय." मालकांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचा काही दोष नाही, ते मूळचे इकडचे नाहीत, आणि जे मूळचे इकडचे आहेत त्यांना तरी कुठं माहितीय.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगते, वाघ्या घेवडा म्हणजे गुलाबीसर दाणा, त्यावर लाल रेघा, राजम्याच्याच जातकुळीतला. जूनच्या पावसावर पेरायचा, अडीच-तीन महिन्यांत हातात येतो, मग त्याच रानात रब्बीची ज्वारी किंवा हरभरा करता येतो म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याला हे पीक परवडतं. देऊर, वाठार, पिंपोडे या पट्ट्यात लहानपणी मी बघितलंय, शेंगा वाळल्या की झाडं उपटून खळ्यावर आणायची, बडवायची, वारं द्यायचं, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस आला की दाण्याचा रंग उतरायचा आणि व्यापारी लगेच भाव पाडायचा. या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जीआय म्हणतात ते. योगायोग असा की तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं. एवढं होऊन सातारच्या एकाही हॉटेलच्या पाटीवर मी आजपर्यंत वाघ्या घेवडा हे नाव वाचलेलं नाही.

आणि शेजारी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बघा. तिलाही जीआय आहे, 2010 चं. पण वाई सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूला पाट्याच पाट्या, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, स्ट्रॉबेरी शेक, जाम, पर्यटक पेट्या भरून घेऊन जातात, आणि त्यातनं शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात हे आपण डोळ्यांनी बघतो. मला स्ट्रॉबेरीबद्दल आनंदच आहे. पण त्याच जिल्ह्यात, त्याच मानांकनाचा घेवडा पोत्यात भरून नाव पुसून बाहेर जातो, व्यापारी तो उत्तरेकडं राजमा म्हणून पाठवतात आणि आपण दुकानातनं पॉलिश केलेला परदेशी राजमा आणतो, हे मला बघवत नाही.

मेक्सिकन हॉटेलात हा घेवडा शोभेल का असं कुणी विचारेल, तर शोभेल म्हणजे काय, तो तिथलाच आहे. घेवड्याची, म्हणजे राजम्याच्या सगळ्या जातींची लागवड जगात दोन ठिकाणी वेगवेगळी सुरू झाली, एक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा भाग आणि दुसरा दक्षिण अमेरिकेतला अँडीज डोंगर. मका तर मेक्सिकोचाच, नैऋत्येकडच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण 9000 वर्षांपूर्वी टिओसिंट नावाच्या गवतापासून तिथल्या लोकांनी तो तयार केला. मिरची तिकडची, टोमॅटो तिकडचा, पेरू, पपई, सीताफळ अमेरिकेतनंच आलेली, पोर्तुगीज 16 व्या शतकात मिरची गोव्यात घेऊन आले त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला ज्याच्यावर उभा आहे ती लाल मिरचीसुद्धा त्याच मुलखातली, आणि मग त्या मसाल्यात केलेली घेवड्याची आमटी आणि भाकरी खात आम्ही लहानाचे मोठे झालो.

मेक्सिकोतले शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात, त्याला ते मिल्पा म्हणतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात, ओल टिकते, तण कमी येतं. खाण्यातही तीच जोडी, मक्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा शरीराला लागणारा घटक कमी आणि ते घेवड्यात भरपूर, त्यामुळं दोन्ही एका ताटात आले की पोषण पूर्ण होतं. ज्वारीतही लायसिन कमीच असतं, त्यामुळं आपल्याकडं ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची आमटी हे जेवण चालत आलंय ते किती बरोबर आहे बघा. युनेस्कोनं 2010 साली मेक्सिकोच्या पारंपरिक जेवणाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा नुसत्या पदार्थांना नाही घेतलं, ही शेती, दळण-कांडण, सणाचे रिवाज सगळं मिळून घेतलं.

त्या दिवशी माझ्या मुलानं मालकांना विचारलं की ही टॉर्टिया आपल्या मक्याच्या भाकरीपेक्षा वेगळी का लागते, तर त्यांनी छान समजावून सांगितलं की मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन साल काढून मग वाटतात, मेक्सिकोत पूर्वी हे दगडी पाट्यावर वाटायचे आणि खेड्यांत अजूनही वाटतात. आई लगेच म्हणाली, "चुन्याची निवळी व्हय." मी घरी येऊन याच्यावर बरंच वाचलं. चुन्यामुळं मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं, नाहीतर ते अंगाला लागत नाही. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि स्पेन, इटलीतले गरीब लोक जे नुसत्या मक्यावर जगायचे त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, कातडी सोलून निघायची, जुलाब व्हायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरनं 1735 मध्ये त्याची पहिली नोंद केली आणि खरं कारण म्हणजे नायसिनची कमतरता, हे पक्कं व्हायला 1937 उजाडलं. दोनशे वर्षं माणसं मेली, आणि उपाय मेक्सिकोतल्या प्रत्येक घरच्या चुलीवर होता.

हे वाचल्यापासून मला सारखं वाटतंय की पीक कुठंही जाऊ दे पण त्याच्याबरोबर त्याची माहिती गेली पाहिजे, ते कुणी पिकवलं, कुठल्या मातीत, कसं शिजवायचं. कोरेगावच्या घेवड्याबरोबर आत्ता काहीच जात नाही. माझ्या पोरांनी नाचोज कुठून आले ते शोधून काढलंय, 1943 साली अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं पहिल्यांदा बनवले म्हणे, त्याचं लाडकं नाव नाचो, जगभरात त्याचं नाव पोचलं. आणि आजोबांच्या रानातल्या घेवड्याला सरकारी मानांकन आहे हे त्यांना त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. शाळेत परिसर अभ्यासात किल्ले शिकवतात, कास पठार शिकवतात, ते पाहिजेच, त्यात जिल्ह्यातल्या पिकांचा पण एक धडा असायला काय हरकत आहे.

हॉटेलवाल्यांची एक अडचण मला माहितीय, डबा उघडला की काम झालं, कोरडा घेवडा रात्री भिजत घालावा लागतो, कुकरला चांगला शिजवावा लागतो, कच्चा राहिला तर पोट बिघडतं, आणि गॅस लागतो, माणूस लागतो. पण जे हॉटेल साल्सासाठी रोज टोमॅटो चिरतं ते आठवड्यातनं दोनदा घेवडा शिजवू शकतं असं मला वाटतं. चवीचं म्हणाल तर डब्यातला दाणा मिठाच्या पाण्यात राहून गिळगिळीत झालेला असतो, आपला वाघ्या शिजला तरी साल धरून राहतो आणि आत लोण्यागत मऊ होतो. परतून घोटायचा, जिरं, लसूण आणि लाल तिखट घालायचं, टाकोत भरायचा, मी घरी करून बघितलाय, पोरांनी ताट पुसून खाल्लं. आण्णांनी मालकांना यंदाचा घरचा घेवडा पाठवून दिलाय, आणि मालकांनी करून बघतो म्हणून शब्द दिलाय.

व्यापाऱ्यांनी आणि शेतकरी गटांनी पण एवढं करावं की एक किलो, पाच किलोच्या पिशव्या करून त्यावर कोरेगावचं नाव आणि जीआयचा शिक्का टाकावा. मानांकन मिळालं म्हणून आपोआप कुणाचा फायदा होत नाही, पिकवणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ते काम कृषी खात्यानं गावात येऊन, चावडीवर बसून करून घेतलं तर म्हाताऱ्या शेतकऱ्यांना शहरात खेटे घालावे लागणार नाहीत. आणि बचत गटाच्या बायका दाणा निवडायचं काम इतकं नीट करतात की हॉटेलवाल्यांना खडा सापडणार नाही.

घेवड्याची काढणी गणपती ते घटस्थापनेच्या सुमारास होते. ज्या हॉटेलवाल्यांना वर्षभराचा माल भरायचा असेल त्यांनी त्या वेळेला कोरेगाव किंवा वाठारला स्वतः यावं, दाणा हातात घेऊन बघावा आणि भाव थेट शेतकऱ्याशी ठरवावा.

आपली,
एक वाचक, गोडोली, सातारा