मॅजिकार्पला लढू दे ना बे

नागपूर, रविवार, दुपारचे तीन

अबे भाऊ,

परवा फोनवर मी नवे पोकेमॉन गेम फार सोपे केले म्हणून कुरकुरलो आणि तू म्हणाला ना, "जाऊ दे बे, लहान पोरांचा गेम आहे, आपण मोठे झालो म्हणून सोपा वाटून राहिला", तेव्हा मी सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीवर होतो म्हणून नुसतं हं हं केलं. पण ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. आणि तू व्हॉइस नोट तर ऐकतच नाही, म्हणून बसलो लिहायला. निवांत वाच.

झालं असं की भाचा आला आहे सुट्टीत. अकरा वर्षांचा झाला आता. त्याच्या बाबांनी त्याला सेकंडहँड स्विच (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) घेऊन दिला, त्यात पोकेमॉन स्वॉर्ड. बाहेर अंगाची लाही होऊन राहिली, कूलर फुल, आणि हा कूलरसमोर पालथा पडून खेळून राहिला. मी बाजूला लोडाला टेकून बघत होतो. तर पोराने मॅजिकार्प, तो काहीच कामाचा नसलेला मासा, पकडला, टीममध्ये सहाव्या नंबरवर ठेवला आणि विसरून गेला. एकदाही बाहेर काढला नाही. पुढे लढाया दुसरेच करून राहिले आणि मागे बसल्या बसल्या याची लेव्हल वाढत गेली, अन् मग विसाव्या लेव्हलला एकदम ती स्क्रीन, तो प्रकाश, ते म्युझिक, आणि त्या माशाचा झाला अजस्र ग्याराडोस! मी ताडकन उठून बसलो. पोराच्या चेहऱ्यावर काहीच नाही. एका हातात आंब्याची फोड, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ए बटण, ए, ए, ए, पुढे.

मला ते इतकं लागलं ना, खरं सांगतो.

तुला आठवते का महाल भागातल्या तुमच्या घरातला तो पीसी, ज्याच्यावर आपण एम्युलेटर (गेमबॉयचे गेम पीसीवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून पोकेमॉन एमराल्ड खेळायचो? मॅजिकार्पला पहिल्या नंबरवर ठेवायचं, लढाई सुरू झाली की लगेच आत घ्यायचं आणि आपल्या मडकिपला बाहेर काढायचं, म्हणजे अर्धा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मॅजिकार्पला मिळायचा. आत घेताना एक मार फुकट खावा लागायचा तो वेगळा. कधी तू हट्टाने त्याला बाहेरच ठेवायचा आणि तो बिचारा स्प्लॅश मारायचा, खाली लिहून यायचं की काहीच झालं नाही. पंधराव्या लेव्हलला त्याला टॅकल, म्हणजे पहिला खरा हल्ला, आला तेव्हा आपण दोघं किती ओरडलो होतो, काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या की काय झालं. आणि एकोणीसवर होता तेव्हा लाइन गेली. सेव्ह सोळाव्या लेव्हलवरचं. तू रडला नव्हता असं तू आजही म्हणतो, पण मी तिथंच बसलो होतो. मग लाइन आल्यावर परत सोळापासून. तो ग्याराडोस आपला होता भाऊ, कारण त्याला आपण ओढत तिथवर नेला होता.

आता गेम काय करून राहिला ते बघ. एक्सपी शेअर म्हणजे आधी एक वस्तू होती, ज्या पोकेमॉनला द्यायची त्यालाच न लढता वाटा मिळायचा. २०१३ च्या एक्स-वायमध्ये ती सगळ्या टीमसाठी झाली, पण चालू-बंद करता यायची, आणि मी म्हणतो उत्तम केलं, ज्याच्याजवळ वेळ नाही त्याने चालू ठेवावी, ज्याला पायी जायचं त्याने बंद करावी. २०१६ च्या सन-मूनमध्येही ते बटण होतं. २०१९ ला स्वॉर्ड-शील्ड आले आणि बटणच काढून टाकलं. कायमचं चालू. आता बंद करायचं असेल तर एकच मार्ग उरला, टीममध्ये एकटाच पोकेमॉन ठेवायचा आणि बाकीचे बॉक्समध्ये (गेममधल्या गोदामात) कोंबायचे. म्हणजे खेळणाऱ्याला गेमशीच भांडून आपली मजा काढावी लागून राहिली.

लढाईत सेट मोडचंही तेच. समोरच्याचा पोकेमॉन पडला की गेम तुला आधीच सांगतो पुढे कोण येणार आणि विचारतो, तुझा बदलायचा का? हा फार मोठा फायदा आहे, आणि ज्याला तो नको तो सेटिंगमध्ये जाऊन सेट करायचा, संपला विषय. वर्षानुवर्षं हा पर्याय होता. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये गायब! मी व्हायोलेट खेळलो तेव्हा प्रत्येक वेळी तो प्रश्न यायचा आणि प्रत्येक वेळी हाताने नाही, नाही, नाही. एक लहानसा पर्याय जो आधीच बनवलेला होता, तो ठेवायला यांचं काय जात होतं, मला समजूनच नाही राहिलं.

तू म्हणतो मला कठीण गेम पाहिजे. नाही बे. मला बटण पाहिजे. तू म्हणतो लहान पोरांसाठी आहे. अरे, आपण तेव्हा किती मोठे होतो? अकराच ना! इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं अंदाजाने. आणि तरी आपण तो ब्रेलचा दरवाजा उघडला होता.

ते तर मी जन्मात विसरणार नाही. समुद्राच्या तळाखालून जाऊन ती बंद खोली, भिंतीवर नुसते ठिपके. तू म्हणाला गेम हँग झाला. मग दुसऱ्या दिवशी तूच शाळेच्या लायब्ररीतून तो जाडा एनसायक्लोपीडिया शोधला, त्यात ब्रेलचा तक्ता. पुस्तक घरी न्यायला परवानगी नव्हती म्हणून मधल्या सुट्टीत बसून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एकेक अक्षराचे ठिपके उतरवले, मी पेन्सिलने काढायचो आणि तू तपासायचा. घरी येऊन अक्षर अक्षर लावलं. टीममध्ये पहिला पोकेमॉन वेलॉर्ड पाहिजे, शेवटचा रेलिकँथ. मग तो रेलिकँथ सापडता सापडेना, पाण्याखालच्या गवतात किती दिवस फिरलो आपण. आणि ज्या दिवशी टीम त्या क्रमाने लावून त्या भिंतीपुढे उभे राहिलो आणि स्क्रीन हलायला लागली, दूर कुठंतरी दरवाजे उघडले, त्या दिवशी मी रात्रभर झोपलो नाही. तो गेम पीसीत कुठं होता सांग? तो लायब्ररीत होता, वहीत होता, सायकलवर फुटाळा तलावावर जाताना आपल्या बोलण्यात होता.

आणि हे बनवणाऱ्यांना माहीत नाही असं थोडीच आहे. सातोशी ताजिरींना हा गेम सुचला तोच लहानपणी किडे गोळा करायच्या नादातून. १९९६ चा पहिला गेम, १५१ पोकेमॉन, आणि सगळे पाहिजे असतील तर दोन गेमबॉय केबलने जोडायचे, म्हणजे मित्र लागणारच. आता कोणता हल्ला कोणावर जास्त लागेल ते मेनूतच लिहून येते (आधी एकदा तो पोकेमॉन भेटलेला असला की झालं), वाटेत तो हॉप, गेममधला आपला दोस्त, येऊन तुझी टीम बरी करून देते. भाच्याला मी विचारलं, पाण्याच्या पोकेमॉनवर कोणता हल्ला चालते? तो म्हणे मामा, तिथंच लिहिलं असते ना. बरोबर आहे त्याचं. त्याने काऊन लक्षात ठेवावं?

व्हायोलेटचं एक सांगतो, तू खेळला नाही ना अजून. सगळीकडे मोकळं फिरा, जिम (जिथं एकेका लीडरला हरवायचं असते) कोणत्याही क्रमाने करा. ऐकून मी इतका खुश झालो होतो. पण जिमच्या लेव्हल ठरलेल्याच. कीटकवाल्या जिमचा सगळ्यात भारी पोकेमॉन १५ चा, बर्फाच्या जिमचा ४८ चा. मी उत्साहात उलटसुलट फिरलो, एका जिममध्ये जीव काढून जिंकलो आणि पुढच्या दोन-तीनमध्ये समोरचा एका फटक्यात आडवा. रस्ता मोकळा दिला आणि त्यावरची लढाई सोबत आणलीच नाही. गेम अटकत अटकत चालायचा ते तर सोडच.

पोकेमॉन कापले त्याबद्दल मी तुझ्याएवढा चिडलेलो नाही. २०१९ च्या जूनमध्ये गेमचे निर्माते मासुदांनी सांगितलं की जुने सगळे नवीन गेममध्ये येणार नाहीत, तेव्हा तू किती तणतणला होता. हजाराच्या घरात आकडा गेला की कधीतरी ते होणारच होतं. फक्त आपला स्वॅम्पर्ट (मडकिप वाढून होते तो) पहिल्या दिवशी नव्हता, नंतरच्या पैसेवाल्या भागासोबत आला, ते मलाही खटकलं.

आणि चांगलं ते चांगलंच म्हणीन. एचएम, म्हणजे वाट मोकळी करायला पोकेमॉनला शिकवावेच लागायचे ते हल्ले, काढले ते फार बेस केलं. आपल्या त्या लिनूनचं काय केलं होतं आपण, कट, सर्फ, स्ट्रेंग्थ, रॉक स्मॅश, चारही जागा भरल्या, नुसता झाडं कापायला आणि दगड ढकलायला ठेवलेला. ती कटकट होती, त्यात डोकं लागत नव्हतं. आणि २०२२ च्या आर्सियस गेममध्ये ट्रेडने, म्हणजे दुसऱ्या खेळाडूसोबत अदलाबदल केल्यावरच, रूप बदलणाऱ्या पोकेमॉनसाठी लिंकिंग कॉर्ड नावाची वस्तू दिली, म्हणजे ज्याला कोणी सोबती नाही त्याचंही अडणार नाही, आणि ट्रेड करायचा रस्ताही तसाच ठेवला. बघ, दोन्ही ठेवता येते ना!

तर काल मी भाच्याला म्हटलं, एक काम करून पाहू, बाकी सगळे बॉक्समध्ये टाक आणि एकच घेऊन चाल. आधी नाही म्हणाला. मग त्याने माचोक निवडला. दोनदा हरला, तोंड पाडून बसला, मी काही बोललो नाही. जेवताना वरण-भातावर हात तसाच ठेवून मला म्हणे, मामा, समोरचा आधी उडणारा काढते, त्याच्यावर माझी फायटिंग कमीच लागते, मग मी त्याला दुसरं काही शिकवू का? ताई ओरडली, आधी जेव.

आता तो माचोक माचोकच राहणार आहे, स्वॉर्डमध्ये ती कॉर्ड नाही, ट्रेड केल्याशिवाय माचॅम्प व्हायचा नाही. आपलाही नव्हता झाला, आठवते ना, एकच पीसी, कोणासोबत ट्रेड करणार होतो. तुझ्याकडे शील्ड आहे. तू तीन जूनला येणार म्हणाला आहेस तर स्विच बॅगेत टाकून आण, चार्जर विसरू नको. पोराला मी सांगून ठेवलं आहे की पुण्याहून एक काका येऊन राहिले. ती गणिताची वहीही मी माळ्यावरून काढली आहे, मागचं पान शाबूत आहे.

तुझाच,
फुटाळ्यापर्यंत डबलसीट येणारा