हन्ना शिलोला येत राहिली : माझ्या बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

शब्बाथ शाळेत तुम्ही मला शिकवलेत त्याला बराच काळ लोटला, आणि हे पत्र त्या जुन्या दिवसांसाठी नाही. मंडळी (चर्च) आणि विश्वास ही दोन्ही मी एकदमच सोडण्याच्या बेतात असताना तुम्ही दर गुरुवारी संध्याकाळी मला घरी बोलावलेत आणि पवित्र शास्त्र उघडून माझ्याबरोबर बसलात, त्याबद्दलचे हे आभार आहेत. ते सर्वांसमक्ष लिहितो आहे, कारण मी ज्या अवस्थेत होतो त्याच अवस्थेत इतर मंडळ्यांतलीही माणसे आहेत, हे मला आता ठाऊक झाले आहे. तुमचे नाव मात्र घालत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही.

अर्पणाची मोजदाद माझ्याकडे होती. विधवांसाठी वेगळा काढलेला निधी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मला वह्यांवरून दिसत होते. आणि त्याच काळात व्यासपीठावरून असे शिकवले जात होते की, ज्याच्या घरी आजारपण किंवा कर्ज आहे त्याचा विश्वास अपुरा आहे आणि त्याने अधिक मोठे दान देऊन तो सिद्ध केला पाहिजे. ज्यांच्या हक्काचे पैसे गहाळ होत होते, त्यांनाच आणखी द्यायला सांगितले जात होते. मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझे म्हणणे ठरलेले होते : देवाच्या घरात हे चालत असेल, तर देव तिथे नाही, आणि कदाचित कुठेच नाही.

तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही पवित्र शास्त्रातले १ शमुवेल हे पुस्तक काढलेत आणि मला पहिल्या अध्यायाचे तिसरे वचन पुन्हा पुन्हा वाचायला लावलेत. मूल नसलेल्या हन्नाचा नवरा दरवर्षी शिलो या उपासनास्थानी जात असे, असे सांगणाऱ्या त्याच वचनात, तिथे मुख्य याजक एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, याजक होते हेही सांगितले आहे. पुढच्या अध्यायात त्या दोघांचे वर्तन येते : यज्ञाचे मांस शिजत असताना त्यांचा चाकर तीन काट्यांचा आकडा भांड्यात घालून वर येईल तेवढे याजकासाठी घेऊन जाई, चरबीचे हवन होण्याआधीच कच्चे मांस मागे, आणि कोणी थांबायला सांगितले तर बळजबरीने घेण्याची धमकी देई. अशा ठिकाणी ती स्त्री आली आणि रडत प्रार्थना करू लागली, तेव्हा एलीला ती प्यालेली वाटली. तरीही तिची प्रार्थना ऐकली गेली, आणि ती त्याच शिलोत ऐकली गेली. “हन्ना तिथे कोणाकडे आली होती?” असे तुम्ही मला विचारलेत. या प्रश्नाने माझी चूक मला दाखवली. मी माझा विश्वास माणसांच्या सचोटीवर उभा केला होता, आणि ती माणसे ढासळताच देवच ढासळला असे धरून चाललो होतो. परमेश्वराच्या अर्पणाचा लोकांना वीट यावा, हेच त्या दोन याजकांचे मोठे पाप होते, हे मी नंतर दुसऱ्या अध्यायात वाचले, आणि तो वीट माझ्याही मनात किती खोल गेला होता हे मला कळले.

त्यानंतर तुम्ही मलाखी या संदेष्ट्याचे पुस्तक घेतलेत. तिसऱ्या अध्यायाचे दहावे वचन मला पाठ होते, कारण दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मागताना आमच्याकडे तेवढेच वाचले जाई. तुम्ही मला पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायला सांगितलीत, आणि मला प्रथमच दिसले की या पुस्तकातले कठोर शब्द आधी याजकांसाठी आहेत, ज्यांनी आपल्या शिक्षणाने अनेकांना अडखळवले. आणि दहाव्या वचनाच्या अगदी जवळ, पाचव्या वचनात, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा व अनाथ यांना छळणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्षीला उभा राहतो. खोटे शिक्षण पुष्कळदा खऱ्या वचनातूनच, फक्त आजूबाजूची वचने गाळून, तयार होते. हे ओळखायला मला दुसऱ्या कोणी शिकवले नव्हते. १ राजे २२ मध्ये अहाब राजासमोर उभे असलेले ४०० संदेष्टेही परमेश्वराचेच नाव घेऊन बोलत होते, याकडे तुम्ही माझे लक्ष वेधलेत. त्यांच्याविरुद्ध खरे बोलणारा संदेष्टा मीखाया एकटा पडला, त्याच्या तोंडात मारण्यात आली, त्याला भाकरीपाण्यावर बंदीत टाकले, आणि पुढे त्याची सुटका झाली का, हे त्या अध्यायात सांगितलेलेच नाही. तुम्ही मला खोटी आशा दिली नाहीत, याबद्दलही मी तुमचा ऋणी आहे.

पण सर्वांत अधिक ऋण एका प्रश्नाचे आहे, जो ऐकून मी त्या दिवशी रागाने उठून गेलो होतो. “या वह्यांवर सही कोणाची आहे?” असे तुम्ही शांतपणे विचारलेत. सही माझी होती. सात महिने मी ते आकडे पाहत होतो, मनातल्या मनात इतरांना दोष देत होतो, आणि दर महिन्याअखेरीस सही करत होतो. इतरांची अपकीर्ती करण्याआधी मला देवासमोर गुडघे टेकायला हवे होते, आणि त्या रात्री मी ते केले. बाई, तुमच्याऐवजी कोणी माझ्या रागाला नुसता दुजोरा दिला असता, तर मी आज एक कडवट आणि स्वतःला निर्दोष समजणारा माणूस झालो असतो.

मला लगेच उभे राहून सगळे बोलायचे होते, तेव्हा तुम्ही यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय दाखवलात. हनन्या या संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलच्या जोखडातून सुटकेचे खोटे आश्वासन दिले, तेव्हा यिर्मयाने प्रथम “आमेन” म्हटले, वचनाची खूण पूर्तीवरून पटते एवढे सांगितले, आणि हनन्याने त्याच्या मानेवरचे जू मोडल्यावरही तो वाट धरून निघून गेला. परमेश्वराचा शब्द आल्यावरच तो परत आला. मीही थांबलो, वह्या नीट जुळवल्या, आणि मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला पत्र लिहिले. त्यात आरोपांची भाषा न वापरता मी २ करिंथ ८ चा आधार घेतला : यरुशलेमेच्या पवित्र जनांसाठी जमवलेली रक्कम पोचवताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला, कारण जे प्रभूसमोर योग्य आहे ते माणसांसमोरही योग्य असावे, अशी त्याची काळजी होती. मी एवढेच मागितले की मोजदाद दोघांनी करावी आणि हिशेब सर्वांना वाचून दाखवावा. सोबत माझ्या सह्यांची कबुली दिली. ती देताना हन्नाच्या लहान मुलाची, शमुवेलाची आठवण होत होती, ज्याला आपला गुरू एली याच्याविरुद्धचा संदेश सकाळी सांगायची भीती वाटली, आणि तरीही त्याने काही लपवले नाही.

याचा परिणाम अर्धाच झाला. हिशेब आता वाचला जातो, आणि तीन विधवांना मागची मदत मिळाली. ते शिक्षण मात्र थांबलेले नाही. माझे काम काढून घेण्यात आले, आणि काही जुने मित्र उपासनेनंतर माझ्याशी बोलत नाहीत. शमुवेलासारख्या स्वच्छ हाताच्या माणसाचे मुलगेही पुढे लाच घेऊ लागले, हे वाचल्यापासून एका पत्राने सर्व सुधारेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पण मी रविवारी बाकावर बसतो, वाचले जाणारे वचन मागेपुढे पाहून ताडून घेतो, जसे बिरुया या गावातले लोक पौलाचे बोलणेही दररोज शास्त्रात शोधून पाहत असत, आणि प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे व्यासपीठाकडे जात नाहीत. त्या विधवांपैकी एकीने मला विचारले की तुला हे कोणी शिकवले, तेव्हा मी तुमचे नाव सांगितले. तेवढ्यापुरती मला क्षमा करा.

येत्या गुरुवारी आपल्याला यिर्मयाचा २९ वा अध्याय घ्यायचा आहे. तो मी वाचून येईन, आणि तुमच्या डोळ्यांना अलीकडे त्रास होतो म्हणून मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र बरोबर आणीन.

आपला कृतज्ञ विद्यार्थी