ठेका कोणाचा, हे ग्रामसभेला कळू द्या

महोदय,

ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात ज्या सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार अपात्र ठरतो आणि वाद उद्भवल्यास जिल्हाधिकारी निर्णय देतात. मात्र हा हितसंबंध सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदार गावकऱ्यावरच पडते, आणि गावात वैर पत्करून तक्रार करणारे मुळातच थोडे. ठेका भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर असला, तर व्यवहाराचे धागे जुळवताना पाच वर्षांची मुदतही सरू शकते. म्हणून सदस्यांनी निकटच्या नातलगांच्या ठेक्यांची माहिती दरवर्षी लेखी द्यावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवली जावी, अशी सक्ती शासनाने करावी, ही कळकळीची विनंती.

— एक ग्रामस्थ