तंबोऱ्याची गवसणी काढून ठेव

व्हिएन्ना, रविवार

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या गुडघ्याला उतार पडल्याचं फोनवर कळलं, जिवाला बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. एक गोष्ट फोनवरच्या दहा मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून आज मुद्दाम कागद घेऊन बसलोय.

ताई, मी गाणं ऐकायला लागलोय. वयाच्या ६७व्या वर्षी.

आपण मिरजेची माणसं. सतारमेकर गल्ली घरापासून हाकेच्या अंतरावर, सतारी-तंबोऱ्यांसाठी वाळत ठेवलेल्या भोपळ्यांच्या ढिगांवरून उड्या मारत मी शाळेत गेलो. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्र रात्र गाणं चालायचं, थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून मोठमोठे गवई येऊन हजेरी लावायचे, आणि मी बाहेर पाळण्यात बसलेला असायचो. तू पहाटे खर्ज, तो अगदी खालचा सूर, लावायला बसलीस की माझी झोपमोड व्हायची. मी दार धाडकन लावून घ्यायचो. तू एकदाही बोलली नाहीस, आवाज मात्र बारीक करायचीस. हे मला आता फार आठवतं.

सुरुवात झाली ती नातीमुळे. ती चेलो शिकते. व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. दर मंगळवारी तिला ट्रामने क्लासला नेणं माझ्याकडे. पहिले काही आठवडे मी बाहेरच्या बाकावर पेपर चाळत बसायचो. एकदा शिक्षिकाबाईंनी आत बोलावलं. पोरगी सगळ्यात खालची मोकळी तार वाजवत होती. फक्त तीच एक तार. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढायचा, परत यायचं, पुन्हा ओढायचा. गजाला लावलेल्या राळेची पांढरी भुकटी तिच्या काळ्या विजारीवर पडत होती. दहा मिनिटं बाईंनी दुसरं काही वाजवू दिलं नाही. आणि एकदम डोक्यात लख्ख झालं: अरे, हा तर ताईचा खर्ज! तीच चिकाटी, तसाच छातीत घुमणारा आवाज. त्या दिवसापासून पेपर घरीच राहतो.

माझ्या वाढदिवसाला लेकीनं मुझिकफेरायनचं, इथल्या नावाजलेल्या संगीतगृहाचं, तिकीट काढलं. १८७०ची इमारत. मोठ्या सोनेरी सभागृहाचं नाव जगभर आहे, पण आम्ही गेलो ते शेजारच्या छोट्या हॉलमध्ये. इथलाच जुना संगीतकार शूबर्ट, त्याचं सी मेजर या पट्टीतलं स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तारवाद्यांची रचना, होती: दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं) आणि दोन चेलो. त्यातला दुसरा भाग तुला कसा सांगू? मधली तीन वाद्यं एकेक सूर इतका लांबवतात की वाटावं, विलंबितात कुणी आलाप करतंय आणि त्याला कसलीच घाई नाही. वरून पहिलं व्हायोलिन मधूनच दोन-चार स्वर टाकतं. खाली दुसरा चेलोवाला गज न लावता नुसत्या बोटानं तार छेडत असतो. तंबोराच गं! मग काही कल्पना नसताना वादळ उठतं. ते शमतं, पहिलं शांत गाणं परत येतं, पण आता त्याच्याखाली दुसरा चेलो सारखा हलत राहतो, लाट अजून पुरती ओसरली नसावी तसा. माझ्या डोळ्यांना पाणी लागलं. लेकीनं हात धरला, बोलली काही नाही.

शूबर्टनं हे १८२८ साली लिहिलं आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तो गेला. अवघा ३१ वर्षांचा. लोकांसमोर ते पहिल्यांदा वाजलं १८५० साली, म्हणजे त्यानं स्वतः मैफलीत कधी ऐकलंच नाही. मला राहवेना, म्हणून ३७ नंबरची ट्राम धरून त्याचं जन्मघर बघून आलो. बाप शाळामास्तर, बिऱ्हाड एवढंसं. काचेच्या कपाटात त्याचा चष्मा आहे. बारीक गोल भिंगांचा, आपल्या अण्णांचा असायचा तसाच. मी त्यापुढे बराच वेळ उभा राहिलो.

इथल्या ऑपेरात उभ्यानं ऐकायची तिकिटं थोडक्या पैशांत मिळतात. आत गेल्यावर पुढच्या दांडीला मफलर बांधला की ती जागा आपली, कुणी हात लावायचा नाही, अशी इथली जुनी रीत. आपल्या एसटीत रुमाल टाकतो ना, अगदी तसंच. तीन तास उभं राहिलं की पाय बोलतात, तरी जातो.

एक गोष्ट मात्र मला अजून जड जाते. इथे वाजत असताना कुणी हूं की चूं करत नाही. एक भाग संपला की क्षणभर खोकले, पुन्हा चिडीचूप. टाळ्या अगदी शेवटी. समेवर येताना मान हलते, तोंडातून 'वा!' निघतं, ते गिळावं लागतं. दाद तिथल्या तिथे द्यायची आपली रीतच मला खरी वाटते. गाणाऱ्याला कळायला नको का, की पोचलं म्हणून?

तुलाही ती दाद कधी आमच्याकडून मिळाली नाही. लग्नानंतर रियाज सुटला तेव्हा घरात कुणी एका शब्दानं विचारलं नाही, मीही नाही.

माघात मी येतोय, चांगला दोन महिने. कपाटावरच्या तंबोऱ्याची गवसणी काढून ठेव. तारा गंजल्या असतील, जवारी बसली असेल, तर सतारमेकर गल्लीत नेऊन दाखव, होईल तो खर्च मी देईन. आवाज गेला म्हणू नकोस. नुसता षड्ज लाव. मी पहाटे उठून तुझ्यासमोर बसेन.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बाळू